गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात सायकल चालवायची आहे, कुठला ट्रेनर घ्यावा?

सुदामानगरी, इंदूर

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण तपशिलाशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही म्हणून सगळं लिहिते.

वय सत्तेचाळीस, शाळेत गणित शिकवते. रविवारी पहाटे आमचा छोटा गट सायकली काढतो. उन्हाळ्यात सुपर कॉरिडॉर, थंडीत राळामंडळ, आणि पाऊस सरला की खंडवा रोडने सिमरोलचा घाट. जुलैत बायपासच्या सर्व्हिस रोडवर एका वळणावर वाळू पसरलेली होती. पुढचं चाक सरकलं आणि डावा गुडघा सरळ रस्त्यावर आदळला. नडगीचं हाड गुडघ्याला जिथे मिळतं तो वरचा सपाट भाग मोडला. प्लेट आणि स्क्रू बसवले. पाय टेकायची बंदी दिवाळीच्या सुमाराला उठली. आता घरात काठीशिवाय चालते, बाहेर काठी घेऊन.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून हाड जुळलं म्हणून सांगितलं आणि "स्टॅटिक सायकल चालवा, लोड नको" एवढं कागदावर लिहून दिलं. फिजिओने मोजलं तेव्हा गुडघा ९८ डिग्री वाकत होता. सरळ जवळजवळ पूर्ण होतो. मांडी मात्र दुसऱ्या पायाच्या मानाने बरीच बारीक झाली आहे.

माझी सायकल ॲल्युमिनियमची हायब्रिड आहे. टायर ७०० बाय ३५, पुढे तीन चकत्या (२८-३८-४८), मागे आठ (११ ते ३२), डिस्क ब्रेक, साधा क्विक रिलीज (चाक पटकन काढायचा दांडा), क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा.

समोर तीन गोष्टी आहेत. घराजवळच्या जिममध्ये स्पिन बाइक आहेत, तिथला मुलगा म्हणतो उद्यापासून या. दुसरं, मागचं चाक रोलरवर टेकतं तो साधा ट्रेनर. तिसरं, मागचं चाक काढून बसवायचा स्मार्ट ट्रेनर. यजमान म्हणतात घ्यायचं तर एकदाच चांगलं घे. पण चांगलं म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही कळत नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली एक वयस्कर जोडपं आहे, त्यांना त्रास व्हायला नको. बजेट वीस-पंचवीस हजार. खरंच गरज असेल तर वाढवता येईल.

शर्यतीत वगैरे उतरायचं नाही. मला परत घाट चढायचा आहे, आणि तोपर्यंत गुडघ्याचं काही बिघडू द्यायचं नाही.

वॉटमीटर, पुणे

ताई, आधी लवकर बऱ्या व्हा.

माझं मत स्पष्ट आहे: बजेट वाढवा आणि डायरेक्ट ड्राइव्हच, म्हणजे तुमचा तिसरा पर्याय, घ्या. आवाज अगदी कमी, टायर झिजत नाही, वॉट बऱ्यापैकी अचूक मोजतो. वाहूचा किकर कोर १८०० वॉटपर्यंत आणि १६ टक्के चढापर्यंत जातो, टॅक्सचा निओ २टी २२०० वॉट आणि २५ टक्के. घरात चालवायच्या ॲपपैकी झ्विफ्टला महिन्याचे पैसे पडतात, मायवूश फुकट आहे. सिमरोलचा घाट तुम्ही घरात बसून चढाल.

आणि मनाने खचू नका. ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमनचं उदाहरण बघा. २०१६च्या फेब्रुवारी अखेरीस शर्यतीत पडून त्याचा हात मोडला, मग घरात ट्रेनरवर सराव केला आणि १० एप्रिलला पॅरिस–रूबे ही फ्रान्समधली मोठी शर्यत जिंकली. सदतिसाव्या वर्षी.

विश्वामित्रीकाठी, बडोदा

सुदामानगरी ताई, तुम्ही गणित शिकवता, तेव्हा आकड्यांनीच बोलतो.

माझं आयुष्य कारखान्यात मशिन मेंटेनन्समध्ये गेलं. निवृत्तीनंतर जिन्यावरून पडलो, गुडघ्याची वाटी फुटली, ती तारेने बांधली. तिथून सायकलवर परत येताना कुठलं यंत्र काय करतं ते मी बारकाईने पाहिलं आहे.

ट्रेनरच्या खोक्यावर जे आकडे ठळक छापलेले असतात ते सगळे माथ्याचे असतात. इतके वॉट, इतके टक्के चढ. तुमच्या गुडघ्याला आत्ता तळाचा आकडा हवा. हे यंत्र कमीत कमी किती हलकं फिरतं? आणि मी पाय थांबवला तर तेही थांबतं का? दुकानात हे दोनच प्रश्न विचारा. वॉटमीटर, हेमनचं उदाहरण मलाही आवडतं, पण त्याचा हात मोडला होता. पाय धडधाकट होते, म्हणून त्याला घरात पायांना भरपूर जोर देणारं यंत्र हवं होतं. ताईंची गरज नेमकी उलटी आहे.

आता स्पिन बाइक. तिच्यापासून सध्या लांब राहा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. बहुतेक स्पिन बाइकना फ्रीव्हील नसतं. पंधरा-वीस किलोचं चाक थेट पेडलला जोडलेलं असतं. ते एकदा फिरायला लागलं की तुम्ही पाय थांबवला तरी पेडल फिरतच राहतं आणि पाय ओढून नेतं. धट्ट्याकट्ट्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण गुडघ्यात कळ आली आणि त्या क्षणी थांबायचं असेल, तर ब्रेकची मूठ दाबेपर्यंत एखादा फेरा तरी होऊन जातो. ट्रेनरवर तुमचीच सायकल असते, तिच्या मागच्या चाकात फ्रीव्हील आहे. पाय थांबला की पेडल थांबलं. शिवाय पेडल थोडं पुढे, थोडं मागे असं झुलवता येतं, आणि सुरुवातीला तुम्हाला तेच करायचं आहे.

कारण ते ९८ डिग्री. १७०च्या क्रँकवर पूर्ण फेरा घ्यायला गुडघा साधारण ११० डिग्री वाकावा लागतो. तुमच्याकडे बारा कमी आहेत. लाखाचा ट्रेनर आणलात तरी पेडल वरच्या टोकाला आलं की गुडघा अडेल, नाहीतर तुम्ही नकळत कंबर उचलून पाय पलीकडे टाकाल. म्हणून ट्रेनरच्या आधी क्रँकचा विचार करा. क्रँक वीस मिलिमीटरने आखूड केला की खालचं पेडल वीस मिलिमीटर वर येतं, म्हणून सीट तेवढीच वर घेता येते. आणि वरचं पेडल वीस मिलिमीटर खाली गेलेलं असतं. दोन्ही मिळून माथ्यावर चार सेंटिमीटर मोकळे होतात. मांडी ४२ सेंटिमीटर, गुडघ्यापासून पेडलपर्यंत ४५, आणि पाय खाली असताना गुडघ्यात ३० डिग्रीचा बाक, असा त्रिकोण मांडला तर वीस मिलिमीटरमागे सहा-सात डिग्री वाचतात. १३०च्या क्रँकवर फेरा ९६-९७ डिग्रीत बसतो. तुमची मापं घालून तुम्ही सोडवून बघा. पेडल, खुबा आणि सीटची नळी एका रेषेत धरली आहेत, त्यामुळे एखाद-दुसऱ्या डिग्रीचा फरक पडेल.

आखूड क्रँक मिळवायचे दोन मार्ग. मुलांच्या गिअरच्या सायकलींना १४० ते १५२चे क्रँक असतात. तुमचा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा भाग) चौकोनी ॲक्सलचा असेल तर तसा क्रँक बसू शकतो. मात्र एकाच सळईचा वाकवलेला क्रँक असतो तो चालत नाही. दुसरा मार्ग मला जास्त बरा वाटतो: आहे त्याच क्रँकवर बोल्टने घट्ट बसणारी ॲल्युमिनियमची जाड पट्टी, तिच्यात पेडलसाठी दोन-तीन भोकं. मी मकरपुरा जीआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून करून घेतली होती. आटे ९/१६ इंच, इंचाला २०. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि तुमचा पाय डावाच आहे, म्हणून वर्कशॉपवाल्याला हे आधी सांगा. उलट्या आट्यांचा टॅप प्रत्येकाकडे नसतो. दोन भोकांच्या मध्यांत किमान २५ मिलिमीटर अंतर ठेवा, नाहीतर मधली भिंत पातळ राहते. पट्ट्या दोन्ही बाजूंना बसवा, म्हणजे कंबर डोलणार नाही.

आता ट्रेनर. तुमच्यासाठी मी फ्लुइड प्रकार सुचवेन. त्यात रोलरच्या टोकाला तेलात फिरणारं पातं असतं. वेग कमी असताना ते फार हलकं फिरतं आणि वेगाबरोबर जड होत जातं. किनेटिक कंपनीने आपल्या फ्लुइड ट्रेनरचं वेग आणि वॉटचं सूत्र जाहीर केलेलं आहे. त्यानुसार ताशी ८ किलोमीटरला २९ वॉटच्या आसपास, १६ला साधारण ७२ आणि ३२ला अडीचशेच्या वर. तुम्ही पुढे २८ आणि मागे ३२ लावून मिनिटाला साठ फेरे मारले तर मागच्या चाकाचा वेग सातच्या आसपास येतो, म्हणजे पंचवीस वॉटच्या आत. हाच तुमचा तळ. पुढे जोर वाढवायचा तर गिअर बदलायचा, वेगळी कळ नाही, ॲप नाही, वीज नाही. चुंबकाचा ट्रेनर याहून स्वस्त मिळतो आणि पहिल्या खाचेवर तोही हलका असतो, पण स्वस्तातल्यांचं फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारं जड चाक, फार छोटं असतं. पेडल वर आणि खाली आलं की जोर तुटतो आणि दर फेऱ्याला धक्का बसतो. बारीक झालेल्या मांडीला तो धक्का जाणवतो. जुना, चांगल्या कंपनीचा फ्लुइड मिळाला तर नव्या स्वस्त चुंबकापेक्षा तो घ्या. घेताना रोलरच्या डब्याखाली तेलाचा ओघळ नाही ना एवढं बोट फिरवून बघा.

रोलर्स, म्हणजे ज्यावर सायकल मोकळी ठेवून तोल सांभाळत चालवतात ते तीन नळकांड्यांचं यंत्र, त्याचा विचारही करू नका.

आणखी एक, चढण्या-उतरण्याचं. ट्रेनरवर मागचं चाक उचललेलं असतं, सायकल नेहमीपेक्षा उंच होते. आपण सगळे डावीकडून चढतो, म्हणजे सगळा भार डाव्या पायावर देऊन उजवा पाय पलीकडे टाकतो. तुम्ही उजवीकडून चढा. भक्कम स्टूल ठेवा, एक हात भिंतीला, उजव्या पायावर उभं राहून डावा पाय पलीकडे न्या. उतरताना पुन्हा उजवीकडेच. त्या बाजूला चेन असते, सलवारीची कड सांभाळा. पुढच्या चाकाखाली ठेवायचा प्लास्टिकचा ठोकळा वेगळा विकतात. घरातला देवापुढचा नव्हे, जेवणाचा जुना पाट चालतो. उंची कमी पडली तर दोन पाट.

लष्करवाली, ग्वाल्हेर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकांनी फ्रीव्हील आणि क्रँकबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण पेशंट बहुधा मशिन विकत घेतल्यावर आमच्याकडे येतात.

थोडं वेगळं मतही मांडते. सुदामानगरी, लगेच काही विकत घेऊ नका. तुमच्या फिजिओकडे साधी उभी स्टॅटिक सायकल असेलच, पहिला पूर्ण फेरा तिथे, त्यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे. सुरुवात अर्ध्या फेऱ्यांनी करा: पेडल पुढे न्या, अडलं की थांबा, मागे आणा, दुसऱ्या बाजूने अडेपर्यंत न्या. शेवटी हलका ताण जाणवावा, कळ नाही. बऱ्याच जणांचा पहिला पूर्ण फेरा उलटा, मागच्या दिशेने होतो. तो झाला की पुढचाही लवकर जमतो. कंबर उचलून फेरा "काढू" नका. तो फेरा गुडघ्याने केलेला नसतो.

९८ हा आकडाही कायमचा नाही. म्हणून एकाच मापाचा नवा क्रँक घेण्यापेक्षा भोकांची पट्टी मलाही पटते, गुडघा वाकत जाईल तसं पेडल बाहेरच्या भोकात. फक्त दोन्ही बाजूंना हवीच असं नाही. क्लिनिकमध्ये आम्ही पुष्कळदा दुखऱ्या बाजूचाच क्रँक आखूड करतो आणि थोड्या मुदतीसाठी ते चालतं. कंबर हलते का हे मागून कुणीतरी बघायला हवं, आणि पाठीचं दुखणं आधीपासून असेल तर काकांचं ऐका.

डॉक्टरांनी सायकल का सांगितली हेही समजून घ्या, म्हणजे भीती कमी होईल. चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीचपट भार येतो. हलक्या सायकलिंगमध्ये तो साधारण वजनाइतकाच राहतो, कारण तुमचं वजन सीटने उचललेलं असतं. सांध्याचा जो सपाट पृष्ठभाग मोडला होता त्याला हालचाल हवी आहे, दाब कमी हवा आहे. सीट खाली ठेवली किंवा जड गिअरवर हळूहळू रेटलं की हा फायदा जातो. सीट नेहमीपेक्षा किंचित वर, गिअर हलका, फेरे सुरळीत.

पायात साधे सपाट बूट आणि साधी पेडल. क्लिप असलेली पेडल आत्ता अजिबात नको. त्यातून पाय सोडवताना टाच बाहेर झटकावी लागते आणि तो पीळ थेट गुडघ्यात जातो.

सकाळी पाच-दहा मिनिटं, संध्याकाळी पाच-दहा मिनिटं, एका दमात अर्धा तास नाही. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघा. सूज वाढलेली किंवा गुडघा गरम लागला तर पुढचा दिवस सुट्टी आणि मग आधीपेक्षा कमी. पोटरी दुखून सुजली तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्या सर्जनला एकच प्रश्न स्पष्ट विचारून घ्या: पायावर पूर्ण भार द्यायला परवानगी आहे का? स्टुलावरून चढणं-उतरणं त्यावर ठरेल.

सुदामानगरी, इंदूर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन बसले.

माझी मांडी ४०, खालचा भाग ४३ सेंटिमीटर. खाली ३० डिग्रीचा बाक धरून १७०च्या क्रँकला उत्तर ११२ आलं. १३०ला साडेअठ्ठ्याण्णव, म्हणजे अगदी काठावर. १२०ला ९५. म्हणून पट्टीला भोकं १२० आणि १४५वर पाडून घेईन म्हणते. १४५ला १०४ येतात, तो पुढचा टप्पा. काका, हे २५ मिलिमीटरच्या नियमातही बसतं. आणि ही आकडेमोड करताना, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, गुडघ्याकडे सोडवता येण्याजोगं काहीतरी म्हणून पाहिलं. आतापर्यंत नुसती धास्ती होती.

आज फिजिओकडे त्यांच्या सायकलवर बसले. अर्धे फेरे जमले, उलटा पूर्ण फेरा थोडक्यात राहिला. त्यांनाही आखूड क्रँकची कल्पना पटली. सर्जनला फोन केला, भार द्यायला परवानगी आहे, पण जिना आणि स्टूल आधार धरूनच.

जिमच्या मुलाला नाही सांगितलं. त्याची स्पिन बाइक मुद्दाम हाताने फिरवून बघितली. काका म्हणतात तसंच, पेडल सोडलं तरी ते फिरत राहिलं.

आता उरलेले प्रश्न: माझ्या ३५च्या खडबडीत टायरवर रोलरचा ट्रेनर चालेल का? डिस्क ब्रेकची अडचण होते का? आणि खालच्या मजल्यावर आवाज किती जातो?

राजेंद्रनगरकर, इंदूर

ताई, आपण गावचेच. आमच्याकडे फ्लुइड ट्रेनर माळ्यावर पडून आहे. मुलगा बाहेरगावी गेला, मी रस्त्यावरच चालवतो. आत्ताच काढून पाहिला, तेल गळत नाही, रोलर सरळ फिरतो. विकत घेऊ नका, घेऊन जा आणि गुडघा बरा झाला की परत द्या.

टायरचं म्हणाल तर खडबडीत टायर चालवू नका. रोलरवर त्याच्या गाठी घोंघावतात, टायर तापतो आणि काळी भुकटी उडते. ७०० बाय २८चा गुळगुळीत टायर मागे टाका, तुमच्या रिमवर बसतो का ते दुकानात दाखवून घ्या. हवा पूर्ण भरा. रोलर टायरला टेकला की तिथून नॉब दीड-दोन फेरे आणखी आवळायचा आणि चाक हाताने पुढे-मागे करून ते घसरत नाही ना हे बघायचं. दर वेळी चालवून झालं की रोलर सैल सोडा, नाहीतर टायरला एका जागी खड्डा पडतो.

डिस्कची सहसा अडचण येत नाही. ट्रेनरचा चिमटा ॲक्सलच्या टोकांना धरतो. पण सायकलचा नेहमीचा क्विक रिलीज काढून ट्रेनरसोबतचा पोलादी घालायचा असतो, नेहमीच्याचं टोक चिमट्यात नीट बसत नाही. ब्रेकच्या बाजूला दांडा कॅलिपरला घासत नाही ना, एवढं एकदा बघावं लागेल.

आवाज. हवेतून जाणारा आवाज मिक्सरपेक्षा कमी, तो खाली जात नाही. खाली जाते ती थरथर. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानातून जाड रबराची शीट आणा, तिच्याखाली जुनी सतरंजी दुमडून घाला. खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेला, बीमच्या वर ठेवा. तुमच्या सात किलोमीटरच्या वेगाला खालच्यांना कळणारही नाही, पण त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

पंखा समोर ठेवा, डोक्यावरचा पुरत नाही. घरात वारा नसतो आणि घाम थेट हँडलवर गळतो, बोल्ट गंजतात. हँडलवर पंचा टाकत जा.

वॉटमीटर, पुणे

काकांचं पटलं. मी माझ्या गरजेवरून सल्ला दिला होता. हेमनबद्दलही बरोबर आहे.

पुढे कधी स्मार्ट ट्रेनर घेतलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यात अर्ग मोड असतो: तुम्ही वॉट ठरवायचे आणि यंत्र काही झालं तरी तेवढेच काढून घेतं. फेरे कमी झाले की ते जोर वाढवतं. ६० वॉटला मिनिटाला ६० फेरे असतील तर १७०च्या क्रँकवर पेडलवरचा सरासरी जोर पावणेसहा किलोच्या आसपास येतो. दुखलं म्हणून तुम्ही फेरे ३०वर आणलेत तर तोच जोर साडेअकरा किलो होतो. म्हणजे नेमकं थांबावंसं वाटतं तेव्हाच यंत्र जास्त रेटतं. आणि क्रँक १२०चा असेल तर त्याच वॉटला जोर आणखी वाढतो, कारण तरफ आखूड झाली. गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत अर्ग बंद, साधा रेझिस्टन्स मोड सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि पुढची चकती छोटी. मोठ्या चकतीवर फ्लायव्हील जोरात फिरतं आणि मग यंत्राला फार खालचे वॉट धरता येत नाहीत.

बहुतेक स्मार्ट ट्रेनरना वीजही लागते. निओ विजेशिवाय चालतो, बाकीच्यांचं आधी विचारून घ्या.

विश्वामित्रीकाठी, बडोदा

वॉटमीटर, तरफेचा मुद्दा चांगला काढलात, माझ्याकडून तो लिहायचा राहिला होता. ताई, म्हणूनच १२०च्या भोकावर असेपर्यंत २८-३२चा गिअर सोडू नका. १४५वर गेलात की मागची एकेक चकती उतरा. वीज नसलेल्या ट्रेनरवर वॉट दिसत नाहीत, पण वेग दिसतो. मागच्या चाकाला सेन्सर असलेला साधा सायकल मीटर लावा, पुढच्या चाकाचा मीटर इथे हलणार नाही. किनेटिकचं सूत्र दुसऱ्या कंपनीच्या ट्रेनरला तंतोतंत लागू होणार नाही, पण आज सात, महिन्याने बारा, असं स्वतःशीच ताडून बघता येईल. तेल तापेपर्यंत फ्लुइडचा जोर थोडा बदलत राहतो, म्हणून पहिली काही मिनिटं सोडून मग आकडा लिहा.

पट्टी दहा मिलिमीटरहून पातळ नको. बोल्ट उच्च ताणाचे, स्प्रिंग वॉशर घालून. पहिल्या काही बैठकींनंतर पान्याने पुन्हा आवळून बघा, सुरुवातीला ते सैल होतात.

सुदामानगरी, इंदूर

राजेंद्रनगरकर, तुमचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला. त्यांनी लगेच रबराच्या शीटसाठी खोलीचं माप घेतलं. आम्ही ट्रेनर नक्की घेतो आणि नक्की परत करू. वर्कशॉपवाला पोलोग्राउंडच्या बाजूला मिळाला आहे, त्याच्याकडे उलट्या आट्यांचा टॅप आहे. पट्टी दोन्ही बाजूंना करून घेतेय, पाठ माझी आधीपासून कुरकुरते. १० मिलिमीटरची जाडी आणि स्प्रिंग वॉशर आत्ता फोन करून सांगते.

शनिवारी संध्याकाळी यजमान येऊ शकतील. चालेल का?

राजेंद्रनगरकर, इंदूर

शनिवारी मीच आणून देतो, दोन मजले चढवायचे आहेत आणि बसवूनही द्यायचा आहे. पोलादी क्विक रिलीज त्याच पिशवीत बांधून ठेवला आहे. २८चा टायर तेवढा आधी आणून ठेवा. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा.